एरर मूळ फाइलच्याच ओळीवर कशी दाखवावी: #लाइन वापरण्याची रीत

बायसनने (व्याकरणावरून सी कोड तयार करणारे साधन) किंवा आपल्याच स्क्रिप्टने तयार केलेली सी फाइल कंपाइल केली की एरर येते, समजा, ओळ १२३७ वर. ती ओळ आपण लिहिलेलीच नसते. चूक असते आपल्या गणित.वाय या व्याकरणाच्या फाइलमध्ये, ओळ ४० वर. तिथेच बोट ठेवायची सोय सी भाषेत आहे: #लाइन.

आधी कंपायलर ओळींचा हिशेब कसा ठेवतो ते डोळ्यांनी पाहा. एसटीडीआयओ.एच घेणारी चार ओळींची नमुना.सी लिहा आणि जीसीसी हा सी कंपायलर -ई (मोठ्या लिपीतला) या पर्यायासह चालवा. हेडर उलगडून शेकडो ओळी येतील. त्यांत अधूनमधून # चिन्ह, आकडा आणि अवतरणात फाइलचे नाव अशा ओळी दिसतील. खालची ओळ मुळात कुठली, ते त्या सांगतात. नावापुढचा १ म्हणजे नव्या फाइलमध्ये शिरलो, २ म्हणजे परत आलो, ३ म्हणजे मजकूर सिस्टिम हेडरमधला. या ३ मुळेच तिथल्या बहुतेक वॉर्निंग आपल्यापर्यंत येत नाहीत.

आता नमुना.सीमध्ये #लाइन ४० "गणित.वाय" असे लिहा आणि लगेच खाली मुद्दाम चुकीची ओळ घाला. एरर गणित.वायच्या ओळ ४० वर येईल. आकडा नेहमी खालच्या ओळीचा असतो, #लाइन ज्या ओळीवर आहे तिचा नाही. स्क्रिप्ट लिहिताना सर्वाधिक घोळ इथेच होतो आणि प्रत्येक एरर एका ओळीने सरकते. अशी फाइल खरोखर आहे का, हे कंपायलर तपासत नाही, म्हणून नाव काळजीपूर्वक लिहा. विंडोजच्या पाथमधली उलटी तिरकी रेघ दोनदा द्या.

आपला मजकूर संपला की परतायला विसरू नका. #लाइन तयार फाइलच्या ५०० व्या ओळीवर पडत असेल, तर तिथे ५०१ आणि तयार फाइलचे नाव द्या. हे राहिले तर खालच्या सगळ्या चुका गणित.वायच्या नावावर जमा होतात, आणि नसलेली चूक शोधण्यात दुपार जाते.

-जी देऊन कंपाइल केले तर हीच नावे डीबगरलाही मिळतात, त्यामुळे जीडीबी या डीबगरमध्ये थेट गणित.वायच्या ओळ ४० वर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) लावता येतो. जीसीसीमध्ये अवतरणातली हेडर फाइल मात्र खऱ्या फाइलच्याच फोल्डरमध्ये शोधली जाते, #लाइनमधल्या नावाशी त्याचा संबंध नाही.

तयार झालेल्या कोडवरच संशय असेल, तर बायसनला -एल द्या (लहान लिपीतला), फ्लेक्सला (मजकुराचे शब्द वेगळे करणारा सी कोड तयार करणारे साधन) मोठ्या लिपीतला. #लाइन गळतात आणि एररमध्ये तयार फाइलचे खरे आकडे दिसतात.