जुन्या थारला मॅन्युअल लॉकिंग हब बसवताय? या चुका टाळा

२०१० ते २०२० या काळात विकल्या गेलेल्या महिंद्राच्या सीआरडीई (कॉमन-रेल डिझेल इंजिनाच्या) थारच्या मालकांना एक तक्रार तोंडपाठ असते. लिव्हर फोर-हायला (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) टाकला, डॅशबोर्डवर दिवा लागला, पण पुढची चाकं ढिम्म हलत नाहीत. मागची दोन चाकं चिखलात खड्डा करत राहतात आणि गाडी तळापर्यंत रुतते. अशा वेळी बरेच जण ट्रान्सफर केसला, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीला, दोष देतात. दोष बहुतेकदा पुढच्या चाकांतल्या व्हॅक्यूम हबचा, म्हणजे चाक एक्सलला जोडणाऱ्या किंवा सोडणाऱ्या भागाचा, असतो. बारीक नळीतून आलेल्या व्हॅक्यूमच्या ओढीवर हा हब लॉक होतो. नळीला चीर गेली, सील झिजलं किंवा ओढा पार करताना आत गाळ शिरला, की ओढ अपुरी पडते. दिवा मात्र ट्रान्सफर केसची स्थिती दाखवतो, हबची नाही. त्यामुळे तो लागलेलाच राहतो.

यावरचा उपाय म्हणजे हाताने फिरवायचा मॅन्युअल हब. आर्थर वॉर्न यांनी अमेरिकेत सिएटलजवळ १९४८ मध्ये याच वस्तूपासून धंदा सुरू केला. युद्धानंतर स्वस्तात विकल्या गेलेल्या लष्करी जीप लोक रोजच्या रस्त्यावर चालवत होते, आणि त्यांचा पुढचा एक्सल विनाकारण फिरत राहू नये म्हणून त्यांनी हे हब बनवले. तत्त्व आजही तेच आहे. डायल ‘लॉक’वर नेली की आतली दातेरी रिंग सरकून एक्सल आणि चाकाला जोडते. ‘फ्री’वर नेली की चाक मोकळं फिरतं, आणि पुढचा एक्सल, डिफरन्शियल (जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारे गिअर) व प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसकडून येणारा दांडा) थांबून राहतात. नळी नाही, व्हॅक्यूमची ओढ नाही. सह्याद्रीतल्या पावसाळ्यात गाडी खरोखर चिखलात घालणाऱ्याने हा बदल करावाच, असं मला मनापासून वाटतं. पण हे काम ‘चार बोल्ट काढले, चार लावले’ असं उरकलं तर नवा हब जुन्यापेक्षा जास्त मनस्ताप देतो.

विकत घेण्याआधी

खोक्यावर गाडीचं नाव छापलंय एवढ्यावर विसंबू नका. जुना हब उतरवून एक्सलच्या टोकावरचे स्प्लाइन (लांबट दाते) मोजा, बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास मोजा, मग ऑर्डर द्या. स्प्लाइन ‘जवळजवळ’ जुळले म्हणून हातोडीने ठोकून बसवलेला हब पहिल्याच चढावर दाते खातो. मॅन्युअल हब बाहेर जास्त येतो, त्यामुळे चाकाची मूळ टोपी बसत नाही, आणि काही अलॉय व्हीलचं मधलं भोकच अपुरं पडतं. हेही आधीच पाहून घ्या.

काही जण हब काढून सरळ पक्का फ्लँज (न सुटणारी जोडचकती) बसवतात. तो मजबूत असतो, पण पुढचा एक्सल कायमचा जोडला जातो. रोज हायवेवर चालणाऱ्या गाडीला मी तो सुचवणार नाही.

मायलेज वाढेल या आशेने हब घेत असाल तर थांबा. फरक पडला तरी फार थोडा पडतो. खरा फायदा कमी झीज, कमी आवाज आणि हवं तेव्हा हमखास मिळणारी पुढची ओढ हाच आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक: बेअरिंगकडे न पाहणं

हब उतरवला की त्याच्या मागे चाकाच्या बेअरिंगचा नट दिसतो. बहुतेक गॅरेजमध्ये त्याच्याकडे पाहिलंही जात नाही, आणि पाहिलं तर छिन्नी-हातोडीने ‘अजून थोडा’ आवळला जातो. दोन्ही वाईट. अशा एक्सलवर सहसा दोन टेपर (निमुळत्या) रोलर बेअरिंग समोरासमोर बसलेली असतात आणि त्यांच्यावरचा ताण हा नटच ठरवतो. ढिला राहिला तर चाक डुलतं, टायर वेडेवाकडे झिजतात, ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं. जास्त आवळला तर बेअरिंग तापतं, ग्रीस पातळ होऊन निघून जातं आणि कधीतरी घाट उतरतानाच बेअरिंग जाम होतं.

योग्य रीत अशी. बेअरिंग काढा, रॉकेल किंवा डिझेलने धुवा, पुसून कोरडी करा. रोलरवर किंवा बाहेरच्या कपवर निळसर डाग, खड्डे किंवा चरे दिसले तर बेअरिंग कपसकट बदला, फक्त आतला भाग बदलून भागत नाही. ग्रीस हाताने दाबून रोलरच्या आतपर्यंत भरा, वरून थापू नका. मागचं ऑइल सील नवंच घाला. ते स्वस्त असतं, आणि ते फाटलेलं असेल तर बाकीची मेहनत पहिल्या ओढ्यातच वाया जाते. मग चाक फिरवत फिरवत नट आवळा म्हणजे बेअरिंग जागेवर बसतात, नट पुन्हा सैल करा आणि शेवटी वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या हलक्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आणा. नट अडकवण्याची रचना गाडीगणिक वेगळी असते. कुठे दोन नटांमध्ये वाकवायचं वॉशर असतं, कुठे स्क्रूने अडकणारी लॉक प्लेट. वॉशर एकदा वाकवलं की पुन्हा वापरू नका.

तपासणी हातानेच होते. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरा आणि हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग ढिलं आहे. चाक फिरवा. खरखर किंवा जडपणा जाणवला तर ते घट्ट आहे किंवा खराब आहे. एबीएस असलेल्या गाडीत हे करताना सेन्सरच्या वायरला आणि दातेरी रिंगला धक्का लागू देऊ नका.

व्हॅक्यूमची नळी उघडी सोडू नका

व्हॅक्यूम हब गेला म्हणजे नळी निरुपयोगी झाली, असं समजून काही मेकॅनिक ती तशीच लोंबकळत ठेवतात. ज्या व्हॅक्यूमवर ब्रेक बूस्टर (पेडल हलकं करणारा भाग) चालतो, त्याच स्रोताला ही नळी जोडलेली असेल तर उघडं तोंड म्हणजे सततची गळती. तिचा परिणाम ब्रेक पेडल जड होण्यापर्यंत जाऊ शकतो. शिवाय उघड्या तोंडातून धूळ आणि पाणी ओढलं जातं. नळी जिथून निघते तिथेच तिला नीट प्लग आणि क्लॅम्प लावा. चाकाकडचं तोंडही बंद करा, नाहीतर त्याच वाटेने पाणी बेअरिंगपर्यंत पोचतं. काम झाल्यावर गाडी बाहेर काढण्याआधी इंजिन चालू करून ब्रेक दोन-तीनदा दाबून पाहा.

बसवताना होणाऱ्या लहान चुका

एक्सलच्या टोकाची सर्क्लिप (खाचेत अडकणारी स्प्रिंगची कडी) खाचेत पूर्ण बसली नाही तर एक्सल आत सरकतो, दाते अर्धवट भिडतात आणि जोर लागला की कट्-कट् आवाज येतो. सीआरडीई थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्यामुळे एक्सलचं टोक आत गेलेलं असणं स्वाभाविक आहे. ते बाहेर ओढून धरा, मगच सर्क्लिप घाला. टोकाला आटे असतील तर त्यात बोल्ट अडकवून ओढणं सोपं जातं.

हबच्या आत बेअरिंगचं जाड ग्रीस ठासून भरू नका. ‘ग्रीस जास्त तेवढं चांगलं’ ही समजूत इथे उलटी पडते. सरकणाऱ्या रिंगला पातळ थर पुरतो. स्पितीसारख्या थंडीत घट्ट झालेलं ग्रीस रिंगला सरकूच देत नाही, आणि डायल फिरूनही हब लॉक होत नाही.

डायलची टोपी बसवताना ती ‘फ्री’वर ठेवा. टोपीचे स्क्रू लहान असतात, म्हणून हातानेच, समोरासमोरच्या क्रमाने आवळा. इम्पॅक्ट गन लावली की आटे गेलेच म्हणून समजा. ओ-रिंगच्या (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीच्या) जागी सिलिकॉन फासणं हा उपाय नाही. त्याचा तुकडा आत पडून रिंगमध्ये अडकतो.

चालवताना

डायल नेहमी हाताने फिरवा, आणि पूर्ण फिरवा. ती अडली तर पक्कड लावू नका. गाडी हातभर पुढे-मागे घ्या, दाते जुळतील आणि डायल फिरेल. अर्ध्यावर राहिलेली डायल दाते तासून टाकते.

दोन्ही बाजू सारख्याच स्थितीत हव्यात. पुढचं डिफरन्शियल साधं असल्याने एक हब लॉक आणि दुसरा फ्री असेल तर सगळा जोर मोकळ्या बाजूच्या एक्सलकडे जातो. तो नुसता गरगरतो आणि पुढून काहीच ओढ मिळत नाही.

लोक घाबरतात ती गोष्ट मात्र निर्धोक आहे. हब लॉक ठेवून टू-हायमध्ये (जोर फक्त मागच्या चाकांना) डांबरी रस्त्यावर गाडी चालवली तर नुकसान होत नाही, पुढचे भाग फक्त फिरत राहतात. म्हणून पावसात ताम्हिणी किंवा वरंध्याकडे निघताना सकाळीच दोन्ही हब लॉक करा. मग चिखलात उतरावं न लागता आत बसूनच फोर-हाय घेता येईल. निर्धोक नाही ते फोर-हायमध्ये कोरड्या रस्त्यावर चालवणं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबची वाट कापतात, मधे डिफरन्शियल नसल्याने हा फरक ट्रान्सफर केसमध्ये ताण होऊन साठतो आणि लिव्हर निघत नाही. तसं झालं तर जोर करू नका. सरळ रेषेत थोडं मागे घ्या, तो सुटतो.

फोर-लो (चारही चाकांसाठी कमी वेग, जास्त जोर) घातला आणि हब फ्री राहिले तर फोर-लोचा सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर पडतो. कठीण जागेवर हळू सरकायला हे उपयोगी आहे, पण रुतलेली गाडी अशी उपसू नका.

उन्हाळाभर हब फ्रीच राहिले तर पुढच्या डिफरन्शियलमधले वरचे गिअर कोरडे पडतात. महिन्यातून एकदा दोन्ही हब लॉक करून टू-हायमध्ये पंधरा-वीस किलोमीटर चालवा. कोकणात समुद्राच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा आणि घरी आल्यावर टोपी उघडून आत पाणी शिरलं का ते पाहा. आत दुधाळ रंगाचं ग्रीस दिसलं म्हणजे पाणी शिरलं आहे.

काम बरोबर झालं का?

पुढची दोन्ही चाकं स्टँडवर उचला. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केस टू-हायमध्ये. हब फ्री असताना चाक फिरवलं तर त्या चाकाचा पुढचा एक्सल थांबलेला हवा, ग्रीसमुळे किंचित ओढला गेला तर चालेल. लॉक केल्यावर तो चाकाबरोबर फिरलाच पाहिजे. दोन्ही बाजूंना हे पाहा.

पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर हबचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि चाकाचा खेळ पुन्हा पाहा, कारण नवी बेअरिंग बसताना थोडी सैल होतात. मोठे टायर टाकले असतील तर ही तपासणी लवकर करा, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना फोर-लोमध्ये जोर लावू नका. त्या कोनात सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकाला जोर पोचवणारा एक्सलचा सांधा) सगळ्यात आधी तुटतो. गाडीच्या टूलबॉक्समध्ये जास्तीच्या दोन सर्क्लिप, एक ओ-रिंग, टोपीचे चार स्क्रू आणि सर्क्लिपची पक्कड ठेवा.