गिटीवर पुश करताना येणारा ४१३ एरर

ऑफिसातल्या एका जुन्या मशीनवर गिटी (स्वतःच्या सर्व्हरवर गिट रेपो ठेवायचं सॉफ्टवेअर) चालवतो, पुढ्यात रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरून येणारी रिक्वेस्ट आधी घेऊन आत पाठवणारा सर्व्हर) म्हणून एन्जिनएक्स. छोटे कमिट सुरळीत जायचे, पण डिझाइनच्या फायली असलेली रेपो पुश केली की 'आरपीसी फेल्ड, एचटीटीपी ४१३', म्हणजे रिक्वेस्ट फार मोठी. गंमत म्हणजे गिटीच्या लॉगमध्ये त्या पुशचा मागमूसही नाही! म्हणजे रिक्वेस्ट वाटेतच अडत होती. तीच रेपो एसएसएचने (एचटीटीपीऐवजीचा दुसरा मार्ग) बिनबोभाट गेली, कारण आमच्याकडे एसएसएच प्रॉक्सीतून जातच नाही. प्रॉक्सीवरचा संशय तिथेच पक्का झाला.

एन्जिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी रिक्वेस्ट बॉडी घेत नाही. सर्व्हर ब्लॉकमध्ये 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' (मधे अंडरस्कोअर) ५१२ एम केलं, 'एन्जिनएक्स -टी'ने कॉन्फिग तपासली, रीलोड मारला. पुश गेलं.

बरेच जण इथे गिटचा 'पोस्टबफर' (पुश पाठवताना आपल्याकडचं गिट वापरतं तो बफर) वाढवायला सांगतात. त्याने ४१३ हटत नाही. मर्यादा सर्व्हरवर आहे, आपल्या लॅपटॉपवर नाही. मर्यादा ० ठेवली तर तपासणीच बंद होते. घरच्या नेटवर्कपुरतं ठीक, पण सर्व्हर इंटरनेटवर उघडा असेल तर आकडा टाकाच.