मल्टिप्लेक्सचा इतिहास काढायचा कसा: तिकीट, जाहिरात आणि ऑपरेटर

एकपडदा थिएटर बंद पडले की गावाला कळते. पाटी उतरते, दाराला कुलूप लागते. मल्टिप्लेक्सचे तसे नसते. पाटी जागच्या जागी राहते आणि तिच्यामागे चालक बदलतो, खुर्च्या बदलतात, रिळे जाऊन सर्व्हर येतो. त्यामुळे ‘कधी उघडले’ एवढ्या एका रकान्यात हा इतिहास मावत नाही. वहीत चार रकाने आखा: जागा, चालक, यंत्रे, दर.

पणजीचेच घ्या. जागेच्या रकान्यात सर्वांत आधी जुन्या गोवा मेडिकल कॉलेजचे आवार येते. २००४ मध्ये इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला आणि त्यासाठी त्या आवारात चार पडद्यांचे मल्टिप्लेक्स उभे राहिले. चालकाच्या रकान्यात आयनॉक्स; ही कंपनी फेब्रुवारी २०२३ मध्ये पीव्हीआरमध्ये विलीन झाली. मालमत्ता सरकारची आणि थिएटर चालवणारी कंपनी वेगळी, हे लक्षात न ठेवल्यामुळे ‘थिएटर विकले गेले’ अशी वाक्ये बिनदिक्कत लिहिली जातात.

तारखा लावण्यासाठी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे जुने तिकीट. ते थर्मल कागदावर छापलेले असते, म्हणजे शाई नसतेच. उष्णतेने कागद काळा होतो. म्हणून तिकीट कधीही लॅमिनेट करू नका, मशीनमधून अख्खे काळे होऊन बाहेर येते. सेलोटेप आणि पीव्हीसीच्या प्लास्टिक पिशवीमुळे अक्षरे उलट फिकी पडतात. मिळाल्या दिवशीच दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मग साध्या कागदाच्या पाकिटात घालून अंधाऱ्या कपाटात ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पाकिटांच्या डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच, आणि ती मधूनमधून बदलायलाही हवी.

तारीख पुसली गेली असेल तर कराची ओळ वाचा. १ जुलै २०१७ च्या आधी करमणूक कर, त्यानंतर सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे जीएसटीचा केंद्राचा आणि राज्याचा निम्मा-निम्मा वाटा. कर सोडून शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १४ अधिक १४ टक्के लावलेले दिसले, तर ते तिकीट जुलै २०१७ ते डिसेंबर २०१८ या दीड वर्षातले. १ जानेवारी २०१९ पासून त्याच तिकिटाला ९ अधिक ९ लागू लागले. खरी फसगत इथे होते: शंभर किंवा त्याखालच्या तिकिटाला २०१८ अखेरपर्यंतही ९ अधिक ९ होते. तिथे पुढे ६ अधिक ६ झाले आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच अधिक अडीच. तेव्हा आधी मूळ दर पाहा, मग टक्के. ऑनलाइन बुकिंगच्या शुल्कावरचा कर वेगळा असतो, तो यात मिसळू नका. सावंतवाडी-कोल्हापूरकडची तिकिटे गठ्ठ्यात शिरली असतील तर जीएसटी क्रमांक बघा: गोव्याचा ३० ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने.

आसन क्रमांकाकडेही दुर्लक्ष करू नका. एकाच पडद्याची पन्नासेक तिकिटे जमली की रांगेचे शेवटचे अक्षर आणि सर्वांत मोठा क्रमांक यांवरून आसनांचा ढोबळ आराखडा निघतो. रांगा मोजताना बऱ्याच ठिकाणी ‘आय’ आणि ‘ओ’ ही अक्षरे गाळतात, एवढे ध्यानात ठेवा. एखाद्या वर्षानंतर मोठे क्रमांक दिसेनासे झाले तर रिक्लायनर, म्हणजे मागे कलणाऱ्या ऐसपैस खुर्च्या, बसवल्याचा संशय घ्यावा. पक्के मात्र तिथल्या माणसाला विचारूनच लिहावे.

जाहिरातींसाठी पणजीतल्या पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुन्या दैनिकांच्या फायली चाळा. ‘गोमन्तक’ १९६२ पासूनचा, ‘नवप्रभा’ १९७० पासूनचा. सगळे अंक बघत बसलात तर वर्ष जाईल. दर वर्षी ठरावीक आठवड्याचा शुक्रवार घ्या, फक्त नोव्हेंबरचा उत्तरार्ध टाळा. इफ्फीमुळे पणजीचे वेळापत्रक तेव्हा नेहमीचे नसते. २००३ आणि २००५ चा तोच शुक्रवार शेजारी ठेवून पणजीचे नॅशनल, सम्राट-अशोक, म्हापशाचे अलंकार, वास्कोचे एल मोन्ते यांच्या खेळांच्या वेळा उतरवा. चित्रपटाच्या नावावर थांबू नका. मराठी चित्रपट लागला होता एवढ्याने काही कळत नाही. चारही खेळ होते की दुपारचा एकच, यात सगळे आले.

जाहिरातीतल्या यंत्रांच्या नावांवर मात्र विश्वास टाकू नका. ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’ लिहिले असेल तर चित्रपटाचा ध्वनी त्या पद्धतीने तयार झाला, एवढेच त्यावरून ठरते. थिएटरात ती सोय आहे का, ते छताकडे पाहून कळते: डोक्यावर स्पीकरच्या दोन रांगा हव्यात. नाव २०१२ च्या आधीच्या जाहिरातीत आढळले, तर तुमच्या नोंदीची तारीख चुकली आहे.

प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरला ‘जुन्या काळी कसे होते?’ असे विचारले की आठवणींचा कढ येतो, माहिती येत नाही. नेमके विचारा. प्रोजेक्टरचा दिवा कार्बनचा की झेनॉनचा? प्रोजेक्टर दोन होते, की सगळी रिळे जोडून आडव्या प्लॅटरवर, म्हणजे फिरत्या तबकडीवर? शेवटचे रीळ कोणत्या चित्रपटाचे चालवले? त्या चित्रपटाच्या प्रदर्शनाची तारीख सहज मिळते, आणि डिजिटल कधी आले ते त्याच्या आसपास सापडते. उत्तर पडताळायला एक हिशेब पाठ असू द्या: ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे १३,५०० फूट, २,००० फुटांची सात रिळे. कोणी त्याच चित्रपटाची तीन रिळे सांगितली तर ती कुठली तरी वेगळी आठवण आहे. खोडू नका, त्यांच्याच शब्दांत लिहा आणि शेजारी प्रश्नचिन्ह टाका.