मॉडेल समोर बसवून चित्र काढायला शिकताना

फोटोवरून काढलेली माणसं बऱ्याचदा जमिनीवर टेकतच नाहीत. शरीराचा भार कुठल्या पायावर आहे, हे जिवंत माणूस समोर असला की डोळ्यांना शिकता येतं. म्हणून दोनचार मित्रमैत्रिणींनी जमावं आणि आळीपाळीने पोझ द्यावी.

ट्यूबलाइट बंद करा, एकाच खिडकीचा प्रकाश बाजूने येऊ द्या. मॉडेलच्या पावलांभोवती खडूने खूण करा. वीस मिनिटं पोझ, मग पाच मिनिटं विश्रांती. बदल हवा असेल तर तोंडाने सांगा, हात लावू नका आणि न विचारता फोटो तर अजिबात काढू नका.

सुरुवातीला एकेका मिनिटाच्या पोझ घ्या. चारकोल म्हणजे कोळशाची कांडी हातात, रेघ मनगटातून नाही, खांद्यातून. नाकडोळे नकोत.

मग मोठी पोझ. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा. मॉडेल एका पायावर भार देऊन उभा असेल, तर गळ्याच्या खळगीतून सोडलेली ओळ त्याच पायाच्या घोट्यापाशी उतरते. त्या बाजूची कंबर वर जाते, खांदा बहुधा खाली येतो. कागदावर आधी हे दोन तिरपे उतार मांडा, बाकी सगळं नंतर. पेन्सिल समोर धरून माप घेताना कोपर ताठ, एक डोळा बंद. उभा प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी भरतो, म्हणजे त्याच्या डोक्याच्या साडेसातपट उंच असतो. बसलेल्याला हा हिशेब लावू नका. गुडघा आपल्याकडे आला की मांडी आखूड दिसते, मन मात्र ती लांब काढायला लावतं. अशा वेळी पेन्सिलीवरचं माप खरं माना.

मग डोळे किलकिले करून उजेड आणि सावली असे दोनच भाग पाडा. हे जमल्याशिवाय रंगाला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

रंग चार पुरेत: यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि पांढरा. सावलीत काळा घालू नका, त्वचा मेल्यासारखी दिसते. बर्न्ट सायना आणि अल्ट्रामरीन मिसळून गडद छटा करा. कपाळ पिवळसर, कान आणि नाकाचा शेंडा तांबूस, दाढी केलेली हनुवटी निळसर करडी दिसते. लाल साडी असेल तर हनुवटीखाली तिची झाक पडते. खिडकीतून आकाशाचा थंड उजेड येत असेल, तर सावल्या उबदार वाटतात. पिवळ्या बल्बखाली याच्या उलट. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्यासाठी त्यांची मुलगीच मॉडेल होती. तिच्या बोटांमधून झिरपणारा उजेड जरूर पाहा.