हरभऱ्याची बीजप्रक्रिया: या चुका टाळा

“बीजप्रक्रिया केली होती, तरी मर लागलीच.” दर रब्बीत हे कानावर येतं. बीजप्रक्रिया म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध आणि जिवाणू चोळणं; मर म्हणजे बुरशीमुळे झाड वाळून जाण्याचा रोग. खोदून विचारलं की कळतं, औषधं सगळी आणली होती, पण एकाच घमेल्यात कालवली होती.

घोळ तिथेच होतो. कार्बेन्डाझिम बुरशी मारतं आणि ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक उपयोगी बुरशी आहे, मग ती जगणार कशी? दोन्हींपैकी एकच निवडा: किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, नाहीतर २ ग्रॅम थायरम अधिक १ ग्रॅम कार्बेन्डाझिम. रासायनिक औषध निवडलं तर ते आदल्या दिवशी चोळून बियाणं सुकवा. रायझोबियम (मुळांवर गाठी धरून नत्र देणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) मात्र सगळ्यात शेवटी, पेरणीच्या दिवशीच.

सोयाबीनचं उरलेलं रायझोबियम हरभऱ्याला चोळणारेही कमी नाहीत. ते जिवाणू वेगळे, हरभऱ्याच्या मुळावर गाठी धरत नाहीत. पाकिटावर पिकाचं नाव आणि मुदत बघूनच घ्या. २५० ग्रॅमचं पाकीट १० किलोला पुरतं, म्हणजे एकरी ३० किलोला तीन. ती ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उन्हात ठेवलीत तर आतले जिवाणू मेलेच समजा.

जिवाणू बियाण्याला चिकटवायला गूळपाणी लिटरला १२५ ग्रॅम गुळाचं, उकळून पूर्ण गार केलेलं. ते शिंपडायचं, ओतायचं नाही. दाण्याला काळपट लेप बसला की थांबा. जास्त झालं तर बी फुगतं, साल सुटते आणि पेरणीच्या चाड्यात (ज्यातून बी खाली पडतं) गोळे अडकतात. मग पेरणीच्या ओळीत नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, पडतात आणि दोष बियाण्याच्या कंपनीला! गोणपाटावर सावलीत सुकवून लगेच पेरा. जिवाणू लावलेलं बी डीएपी खतात मिसळू नका.

महिन्याभराने एक झाड मातीसकट खणून काढा. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर नत्राचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

झाड माना टाकत असेल तर खोड उभं चिरा. आत तपकिरी-काळी रेघ म्हणजे मर. तिची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं राहते, त्यामुळे अशा रानात नुसत्या बीजप्रक्रियेवर भिस्त ठेवू नका. विजय, दिग्विजय, जाकी ९२१८ यांसारखं मर सहन करणारं वाण घ्या आणि पिकाची फेरपालट करा.

हातमोजे घाला. औषध चोळलेलं उरलेलं बी डाळीला किंवा जनावरांपुढे जाऊ देऊ नका, धुऊनसुद्धा नाही.