स्थिर खडक वर सरकताना कसा पाहावा

रॉबर्ट ॲडम्स १८३४ मध्ये स्कॉटलंडच्या फॉयर्स धबधब्याकडे एकटक पाहत होते. मग नजर बाजूच्या खडकावर नेली, तर खडक वर सरकताना दिसला! हा धबधब्याचा भास घरबसल्या अनुभवता येतो.

टीव्हीवर धबधब्याचा व्हिडिओ लावा. मात्र त्यात कॅमेरा हलता नको. पडद्याच्या मधोमध कागदाचा बारीक ठिपका चिकटवा आणि मिनिटभर त्याच्याकडेच पाहा. पापण्या लवल्या तर चालेल, नजर मात्र हलू द्यायची नाही. बहुतेकांचं इथेच फसतं. नजर पाण्यासोबत खाली घसरत राहिली, की डोळ्याच्या पडद्यावर पाण्याची प्रतिमा जवळजवळ थांबते आणि भास धड होत नाही.

आता व्हिडिओ थांबवा, पण नजर ठिपक्यावरच राहू द्या. गोठलेलं पाणी काही सेकंद वर चढताना दिसेल. मजा अशी, की ते चढत राहतं आणि तरी जागचं हलत नाही.

दृष्टियंत्रणेत वेगवेगळ्या दिशांच्या हालचाली टिपणाऱ्या पेशी असतात. समोर काहीच हलत नसतानाही त्या थोडे थोडे संदेश पाठवत असतात आणि विरुद्ध दिशांचं पारडं सारखं राहतं. मिनिटभर खाली जाणारं पाणी पाहिलं, की ‘खाली’वाल्या पेशी मंदावतात आणि पारडं ‘वर’कडे झुकतं. बार्लो आणि हिल या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये सशाच्या दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या, पेशींत असं मंदावणं मोजलं होतं.

माणसात हे फक्त डोळ्यात घडतं का? उजवा डोळा झाकून डाव्याने व्हिडिओ पाहा. थांबवताच डावा झाका, उजवा उघडा. भास फिका पडतो, पण होतो. उजव्या डोळ्याने तर पाणी पाहिलंच नव्हतं! म्हणजे दोन्ही डोळ्यांची माहिती जिथे एकत्र येते, त्या मेंदूतही हा बदल झालेला असतो.

डोळे नकळत हलत असल्याने असं दिसतं, असं ॲडम्स यांना वाटलं होतं. ते तपासायला फिरत्या सर्पिलाचा (मध्यापासून गोल गोल बाहेर जाणाऱ्या रेघेचा) व्हिडिओ घ्या. (अपस्मार किंवा मायग्रेन असेल तर हा भाग सोडा.) सर्पिल पसरताना दिसत असेल, तर थांबवल्यावर तो सगळीकडून आत आकसतो. बेल्जियमच्या जोसेफ प्लाटो यांनी १८४९ मध्ये हेच दाखवलं. डोळा एकाच वेळी सगळ्या दिशांना कसा हलणार?