मृगाआधी हेड उतरवताय? मग पॅकिंगच्या आधी ब्लॉक बघा

ट्रॅक्टरचं काम मे महिन्यातच उरकून घ्या असं दरवर्षी सगळेच सांगतात, आणि दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात गॅरेजसमोर पाच-सात ट्रॅक्टर बोनेट उघडून उभे असतातच. मृग लागतो ७ जूनच्या आसपास, त्यामुळे उन्हाळी नांगरटीत ज्यांचं इंजिन गरम होत होतं त्यांनी आत्ताच हात घाला. हेडचं पॅकिंग, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट, गेल्याची लक्षणं तुम्हाला माहितीच आहेत, थंड इंजिनचं रेडिएटर झाकण काढून चालू केलं की बुडबुडे येतात, पाणी रोज कमी होतं, वरचा होज पाईप दगडासारखा कडक होतो. आणि डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पुन्हा सेल्फ मारू नका, बेअरिंग जातील.

आता खरा मुद्दा. हेडचं पॅकिंग गेलं की आपण नवीन आणतो, हेड फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) पाठवतो आणि ब्लॉकवर नुसता फडका मारून सगळं चढवतो. मी पण तेच केलं होतं. तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर, एका हंगामात दोन पॅकिंग घातली, दोन्ही दोन नंबरच्या सिलिंडरपाशीच जळाली, मी दुकानदाराला डुप्लिकेट माल देतोस म्हणून चार शब्द ऐकवून पण आलो. तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं काही न बोलता लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्या नळीत चालतो तिच्या, कडेवरून नख फिरवलं. एक नंबरला नख अडकलं, तीनला अडकलं, दोनला सरळ निघून गेलं. लायनर खाली बसला होता, पॅकिंग बिचारं काय करणार!

झालं असं, की आपल्या बऱ्याच ट्रॅक्टरमधे लायनर ओला असतो, म्हणजे त्याच्या बाहेरून थेट पाणी फिरतं, आणि त्याची कॉलर ब्लॉकमधल्या एका पायरीवर टेकते. ही कॉलर ब्लॉकच्या वर किंचित उभी राहायला पाहिजे, बऱ्याच इंजिनात साधारण ०.०५ ते ०.१५ मिमी, पण नेमका आकडा आपापल्या मॉडेलच्या सर्व्हिस बुकातूनच घ्या. तेवढ्या उंचीनं पॅकिंगची लोखंडी रिंग दाबली जाते आणि गॅस आत राहतो. पायरी गंजली की लायनर खाली जातो, उलट पायरीवर जुना गंज-कचरा ठेवून नवीन लायनर ठोकला तर तो वाकडा बसतो. म्हणून लायनर काढलाच असेल तर ती पायरी चकचकीत साफ करा, खाल्लेली असेल तर वर्कशॉपला कटिंग करून खाली शिम (पातळ चकती) टाकून मिळते. माप घेताना लायनर बोल्ट-वायसर लावून दाबून धरा आणि चार बाजूंनी मोजा. आणखी एक, हेड काढलेलं असताना क्रँक फिरवू नका, पिस्टनबरोबर लायनर वर उचलतो आणि खालच्या ओ-रिंगा जातात, मग पाणी सरळ ऑइलच्या चेंबरमधे.

ब्लॉकचा सरळपणा बघायला चांगला स्टीलचा रूळ आणि फिलर गेज (मापाच्या पातळ पात्यांचा संच) लागतो, खिडकीची अॅल्युमिनियम पट्टी चालत नाही (मी बघितलंय लावताना). उभा, आडवा, तिरपा असा सगळीकडून लावा, ०.१० मिमीची पाती खालून सरकत असेल तर मशीनिंगचा विचार करा. रूळ लायनरवर टेकू देऊ नका, नाहीतर माप खोटं येतं. पाण्याच्या भोकांभोवतीचे खड्डे नीट बघा, बोअरचं क्षारी पाणी वर्षानुवर्षं ओतल्यावर ते पडतातच. भोकापासून लायनरच्या रिंगपर्यंत खड्डा पोचला असेल तर त्यावर लांबी (पुट्टी) भरून उपयोग नाही, फेसिंगच करावं लागतं, आणि त्यासाठी लायनर काढावे लागतात.

साफसफाईला पातळ स्क्रॅपर, डिझेल आणि सबुरी. ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून पाच मिनिटात चकाचक करणारे खूप आहेत, पण त्याची पूड ऑइलच्या भोकातून बेअरिंगपर्यंत जाते, वर ब्लॉकला न दिसणारे खोलगे पडतात. सिलिंडर, ऑइलची आणि पाण्याची भोकं आधी कपड्यानं बंद करा, आणि कपडे मोजून काढा, एक आत राहिला तर मग बोलायलाच नको.

बोल्टच्या भोकांकडे तर कोणी बघतच नाही. बंद तळाच्या भोकात ऑइल किंवा पाणी साठलेलं असलं की बोल्ट आवळताना ते दबत नाही, टॉर्क पाना (बोल्ट किती जोरानं आवळला ते दाखवणारा) पूर्ण दाखवतो पण हेड दाबलेलं नसतं, कधी कधी ब्लॉकच तडकतो. जनावरांच्या इंजेक्शनची सिरिंज घ्या, पाणी-ऑइल ओढून काढा, मग हवा मारा, डोळ्यावर चष्मा लावून. आटे टॅपनं हलक्या हातानं साफ करा, भोकाच्या तोंडाशी धातू वर उचलला असेल तर थोडं चॅम्फर करून (कड तिरपी घासून) घ्या.

पॅकिंग कोरडंच लावा, ग्रीस, सिलिकॉन, वार्निश काही नको, बुकात सांगितलं असेल तरच. 'टॉप' लिहिलेली बाजू वर. बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली ऑइलचा थेंब, मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेनं, तीन फेऱ्यात आवळा. अंदाजपंचे लांब पाईप लावून आवळू नका, टॉर्क पाना भाड्यानं किंवा मागून आणा.

पाणी भरताना कूलंट टाका, बोअरचं नको. रेडिएटरच्या जाळीतला मळणीचा भुसा पण याच वेळी उलट्या बाजूनं हवा मारून काढा, नाहीतर नवीन पॅकिंगवर पुन्हा तीच गरमी. काही इंजिनांना गरम होऊन थंड झाल्यावर परत टॉर्क द्यावा लागतो, काहींना बिलकुल द्यायचा नसतो, बुकात बघा, आणि दिलात तर व्हॉल्व्हचा टॅपेट (त्याची फट) परत लावायला विसरू नका.